नायजेरियातील राजकीय निराशेची भाषा : 'ए मॅन ऑफ द पीपल'चे एक वाचन

चिनुआ अचेबे यांची 'ए मॅन ऑफ द पीपल' ही चौथी कादंबरी जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस एका अनाम आफ्रिकी राष्ट्रातील भ्रष्ट मंत्रिमंडळ लष्कर उलथून टाकते. त्याच महिन्याच्या १५ तारखेस नायजेरियात काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष उठाव केला. पंतप्रधान अबूबकर तफावा बलेवा, उत्तर प्रांताचे प्रीमियर अहमदू बेलो आणि पश्चिम प्रांताचे प्रीमियर अकिंटोला हे तिघेही त्यात मारले गेले. कादंबरीची आगाऊ प्रत वाचलेले कवी जे. पी. क्लार्क यांनी, लष्करी उठाव वगळता यातील सर्व काही घडून चुकले आहे, अशा अर्थाचे उद्गार उठावाच्या आदल्या संध्याकाळी काढले होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या योगायोगामुळे पुस्तकास कीर्ती लाभली, लेखकास मात्र संकट भोगावे लागले. कटाची माहिती असल्यावाचून हा शेवट कोणास लिहिता आला असता, असा संशय घेतला गेला आणि वर्ष संपण्यापूर्वी अचेबे यांना लागोस सोडून पूर्वेकडे निघून जावे लागले.

तेव्हापासून या कादंबरीचा विचार बहुधा भविष्यकथन म्हणूनच होत आला आहे. या दृष्टीने पाहिल्यास पुस्तकाचे महत्त्व शेवटच्या दोनतीन पानांपुरते उरते, आणि ती पाने तर कलादृष्ट्या सर्वांत दुबळी आहेत. उठाव कथानकातून वाढत येत नाही. तो बाहेरून येऊन पडतो. कादंबरीचे खरे सामर्थ्य तिच्या मधल्या भागात आहे. आपले राज्यकर्ते चोर आहेत हे पूर्णपणे जाणणारे नागरिक त्यांना निमूटपणे मते का देतात, या प्रश्नाचा तेथे जो शोध घेतला आहे तो भाषेच्या अंगाने घेतलेला आहे. या शोधाकडे समीक्षकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला व १९६३ मध्ये तेथे प्रजासत्ताक आले. डिसेंबर १९६४ च्या संघीय निवडणुकीवर देशाच्या मोठ्या भागात बहिष्कार पडला आणि तीनंतर कित्येक दिवस राष्ट्राध्यक्ष आझिकीवे पंतप्रधानांना सरकार बनविण्यास पाचारण करीनात. ऑक्टोबर १९६५ मध्ये पश्चिम प्रांतातील निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले व दंगे उसळले. प्रतिपक्षाच्या माणसांवर व घरांवर पेट्रोल ओतून आग लावण्याच्या त्या प्रकारास 'वेटी' असे नाव पडले. इंग्रजीतील 'भिजव त्याला' या दोन शब्दांचे हे पिजिन रूप आहे. हिंसेला असे घरगुती, जवळजवळ लाडके नाव देणारी भाषा ही केवळ अडाण्यांची मोडकी इंग्रजी नव्हे, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

कादंबरीचा निवेदक ओडिली सामालू हा पदवीधर तरुण असून अनाटा येथील शाळेत शिक्षक आहे. त्याचे प्राथमिक शाळेतील जुने गुरुजी, 'चीफ द ऑनरेबल' एम. ए. नांगा, आता सांस्कृतिक खात्याचे मंत्री झाले आहेत. मंत्रिमहोदय शाळेला भेट देतात तेथून कथेला आरंभ होतो. नाचणाऱ्या बायका, बंदुकांचे बार काढणारे शिकारी, जयजयकार करणारी गर्दी हे सारे ओडिली तुच्छतेने पाहत उभा आहे. पण नांगांची नजर त्याच्यावर पडते, ते त्याला नावाने ओळखून मिठी मारतात, आणि तुच्छता क्षणार्धात वितळू लागते. नांगा हे पात्र अचेबे यांच्या हातून इतके जिवंत उतरले आहे की वाचकालाही त्यांचा पुरता राग येत नाही.

या मोहिनीचे रहस्य त्यांच्या भाषेत आहे. नांगांजवळ तीन भाषा आहेत : गावाची मातृभाषा, सभेची इंग्रजी आणि पिजिन. शाळेतील सत्काराच्या भाषणात ते इंग्रजीच निवडतात आणि त्याचे कारणही देतात : देशी भाषेतील भाषणांचा वृत्तपत्रे विपर्यास करतात, शिवाय श्रोत्यांत परभाषी पाहुणेही आहेत. म्हणजे ज्या जनतेपुढे मंत्री उभे आहेत तिला न कळणारी भाषा तिच्याच हिताच्या नावाने वापरली जाते. सभा संपताच मात्र ते पिजिनमध्ये उतरतात, थट्टा करतात, खांद्यावर हात टाकतात. अधिकार इंग्रजीत आणि जवळीक पिजिनमध्ये अशी ही वाटणी आहे. मंत्र्याला जाब विचारावयाचा झाल्यास तो इंग्रजीत विचारावा लागेल, आणि ती येणारे थोडे. पिजिन सर्वांना येते, पण तीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थट्टेने देऊन मोकळे होता येते. राहिली मातृभाषा. तीत जाब विचारण्याची रीत आहे, परंतु ती गावाच्या वेशीपलीकडे चालत नाही. ज्या देशात पाचशेंहून अधिक भाषा बोलल्या जातात तेथे ही अडचण काल्पनिक मानता येत नाही.

(देशातील अत्यंत गाजलेल्या कादंबरीचे नावही ठाऊक नसताना हे सांस्कृतिक मंत्री एका ग्रंथप्रदर्शनाचे उद्घाटन करतात, त्या प्रसंगातील विनोद उत्तम साधला आहे. परंतु तो सोपा विनोद आहे. अचेबे त्याहून पुष्कळ अवघड गोष्टी साधतात.)

कादंबरीत वारंवार भेटणारे क्रियापद 'खाणे' हे होय. मंत्री खातात, पक्ष खातात, ठेकेदार खातात. पिजिनमधील 'चॉप' या शब्दात अन्न, जेवणे आणि लाच घेणे हे सारे अर्थ एकवटले आहेत. मराठी वाचकास याचा उलगडा करून सांगण्याचे कारण नाही, कारण 'पैसे खाल्ले' हा प्रयोग त्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. फरक आहे तो असा, की मराठीत या प्रयोगाचा सूर बहुधा निंदेचा असतो. खाणारा हा नेहमी दुसरा असतो. अचेबे यांच्या खेड्यातील 'खाणे' नैतिकदृष्ट्या उदासीन आहे. अन्न पुढे आले की माणूस ते खाणारच. तोंडात पडलेला चांगला घास शहाणा माणूस थुंकून टाकील काय, असा तेथील विचार. पूर्वी गोरे खात होते, आता आपली माणसे खातात.

या क्रियापदाची खरी कसोटी उरुआ गावातील सभेत लागते. ओडिलीचा मित्र मॅक्स याने 'कॉमन पीपल्स कन्व्हेन्शन' नावाचा नवा पक्ष काढला आहे, आणि ओडिली नांगांविरुद्ध उभा राहत आहे. नांगांनी त्याची मैत्रीण एल्सी हिला नादी लावले याचा संतापही त्याच्या ध्येयवादात मिसळला आहे, हे तो स्वतःपासून फारसे लपवीत नाही. सभेत मॅक्स एक दृष्टांत सांगतो. शिकाऱ्याने रात्री मोठी शिकार केली, अंधारात ती सापडली नाही, सकाळी जाऊन पाहतो तो दोन गिधाडे तिच्यावर भांडत होती. शिकारी म्हणजे जनता, गिधाडे म्हणजे दोन मोठे पक्ष. दृष्टांत लोकांच्या भाषेतला आहे, लोकांच्या परंपरेतला आहे, आणि लोकांना तो आवडतोही. परंतु त्याचे फळ काय येते ते पाहण्यासारखे आहे. गावातील एक माजी पोलीस उठून, ते खात असले तरी पाणी आणि वीज येणार असल्यामुळे आपणही खातोच आहोत, असा हिशेब मांडतो. त्यानंतर एक वृद्ध गृहस्थ वक्त्याची स्तुती करून निष्कर्ष काढतात : अनाटा गावाचे खाऊन झाले आहे, आता त्यांनी बाजूला व्हावे व उरुआच्या मुलाला ताटाशी जाऊ द्यावे.

कादंबरीतील हा सर्वांत भेदक क्षण होय. वृद्धाने मॅक्सला विरोध केलेला नाही. उलट त्याला पूर्ण पाठिंबा दिला आहे. पण पाठिंबा देताना बंडाच्या भाषेचे वाटणीच्या भाषेत भाषांतर केले आहे. मॅक्स म्हणतो की गिधाडे मारा. ऐकणाऱ्याला ऐकू येते की पाळी बदला. दोघे एकाच भाषेत बोलत असूनही हे घडते, म्हणून त्याचा दोष श्रोत्याच्या अज्ञानावर ढकलता येत नाही. वृद्धाचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. ज्या संस्थेकडून न्यायाची अपेक्षा कधीच नव्हती तिच्याकडून निदान आपला वाटा तरी यावा, इतकेच तो मागतो. पुढे सरकार पाण्याच्या योजनेसाठी आणलेले नळ गावातून उचलून नेते. गाव आपली निष्ठा नांगांना असल्याची दवंडी पिटते, आणि नळ परत येतात. गावकऱ्यांचा हिशेब बरोबर होता आणि ओडिलीचा चूक, हे अचेबे कोणतेही भाष्य न करता दाखवितात.

या 'खाण्या'ला कोठेच मर्यादा नाही असे मात्र नाही. ती मर्यादा जोसायाच्या प्रसंगात स्पष्ट होते. अनाटातील हा दुकानदार, गिऱ्हाइके वाढावीत म्हणून जादूटोण्याच्या उपयोगासाठी एका आंधळ्या भिकाऱ्याची काठी लांबवितो. गाव संतापते. न्यायालय नाही, पोलीस नाही. लोक त्याच्या दुकानात पाऊल टाकीनासे होतात व थोड्याच दिवसांत त्याला दुकान बंद करावे लागते. चोरी आता मालकाच्या डोळ्यांवर येण्याइतकी झाली, अशा अर्थाचे गावाचे मत एक सुतार बोलून दाखवितो. 'मालक' या शब्दाचा येथील अर्थ महत्त्वाचा आहे. मालक म्हणजे काठीचा धनी नव्हे. तो बिचारा आंधळा आहे, त्याला दिसणार काय? मालक म्हणजे गाव. थोडीफार लबाडी तो पाहून न पाहिल्यासारखे करतो. पण त्याला डोळे आहेत आणि ते केव्हा उघडावयाचे हेही त्याला कळते.

हाच विचार कथेच्या शेवटी ओडिलीचे वडील उच्चारतात. निवडणुकीच्या दिवशी मॅक्सला मंत्री कोको यांच्या पक्षाच्या जीपखाली चिरडून मारण्यात आले आहे, आणि मॅक्सची वाग्दत्त वधू युनीस हिने कोकोंना गोळी घातली आहे. कोकोंची चोरीही मालकाच्या नजरेत भरण्याइतकी झाली होती, असे वडील म्हणतात. ओडिली चमकतो. गावाला मन होते, म्हणून तेथे त्या शब्दांना अर्थ होता. राष्ट्राच्या व्यवहारात मालकच नाही, तेव्हा गावाचा कायदा तेथे लंगडा पडतो, असे तो स्वतःशी म्हणतो. मॅक्सचा सूड राष्ट्राने घेतला नाही, एका स्त्रीने घेतला. सरकारही लोकांनी पाडले नाही. पुढाऱ्यांनी पोसलेल्या गुंडांनी धुमाकूळ घातला आणि लष्कराने संधी साधली, ही कबुली अचेबे निवेदकाच्याच तोंडी घालतात. कादंबरीला भविष्यवाणी मानणारे नेमकी ही कबुली विसरतात.

येथपर्यंत ओडिलीचे विश्लेषण ग्राह्य आहे. परंतु तो विश्लेषण करतो कोणत्या भाषेत? इंग्रजीत. आणि इंग्रजीने त्याच्या डोळ्यांवरही एक झापड बांधली आहे. अखेरच्या पानांत एडनाच्या लग्नासाठी नांगांनी दिलेले वधूशुल्क परत करण्याची वेळ येते, तेव्हा ओडिली पक्षनिधीतील आपल्याजवळ उरलेले पैसे 'उसने' घेण्याचे मनाशी ठरवितो. लष्कराने पक्षच बरखास्त केले आहेत, पैसे लवकर कोणाला लागणार नाहीत, असे त्याचे समर्थन. उरुआच्या वृद्धाने याला एकाच क्रियापदाने ओळखले असते. पक्षनिधीलाही मालक नाही. हा उपरोध अचेबे यांनी जाणूनबुजून योजिला आहे यात संशय नाही, कारण तो अगदी सहज, जाता जाता आलेला आहे. मॅक्सनेही कोकोंच्या माणसांकडून निवडणुकीतून माघार घेण्यासाठी एक हजार पौंड घेऊन ते पक्षाच्या कामी लावलेले असतात आणि त्याला ती युक्ती वाटते. सुशिक्षितांच्या भाषेत 'खाण्या'ला पर्यायी शब्द पुष्कळ आहेत, हाच काय तो भेद.

एका बाबतीत मात्र अचेबे यांच्यावर आक्षेप घेणे भाग आहे. या कादंबरीत पिजिन बोलतात ते मंत्री, त्यांचे शरीररक्षक, स्वयंपाकी आणि भाडोत्री गुंड. ती हसविते, लोणी लावते, धमकी देते. दुःख मात्र करीत नाही. देशातील कोट्यवधी लोकांच्या परस्परव्यवहाराची जी भाषा तीत एखादे पात्र गंभीरपणे विचार करीत आहे असे दृश्य येथे नाही. गंभीर विचार ओडिलीच्या इंग्रजीत होतो, किंवा मातृभाषेतील म्हणींच्या इंग्रजी रूपात. त्यामुळे राष्ट्राला मालक नाही या निष्कर्षात एक त्रुटी राहते. राष्ट्रभर समजली जाणारी आणि राज्यकर्त्यांच्या मालकीची नसलेली एक भाषा अस्तित्वात होती. कादंबरीने तिला विदूषकाचे काम दिले.

ही त्रुटी पुढे इतरांनी भरून काढली. गायक फेला कुटी यांनी १९७० नंतरच्या दशकात आपली गाणी बुद्ध्याच पिजिनमध्ये रचली, कारण ती योरुबा, इग्बो, हौसा अशा सर्वांना कळावयाची होती. आज्ञाधारक सैनिकाला चालते प्रेत ठरविणारे त्यांचे 'झॉम्बी' हे गीत १९७६ च्या सुमाराचे. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्यांचे घर जाळले, आणि त्या हल्ल्यात जखमी झालेल्या त्यांच्या वृद्ध मातोश्री पुढील वर्षी वारल्या. पिजिनमधील प्रश्नाला थट्टेने उत्तर देऊन सुटता येत नाही, हे राज्यकर्त्यांनी अशा रीतीने मान्य केले. केन सारो-विवा यांनी १९८५ च्या 'सोझाबॉय' या कादंबरीत त्याहून पुढचे पाऊल टाकले. यादवी युद्धात सापडलेला एक तरुण तेथे पिजिन आणि मोडकी इंग्रजी यांच्या मिश्रणात सबंध कथा सांगतो. लेखकाने या भाषेला उपशीर्षकातच 'सडकी इंग्रजी' म्हटले असले तरी तिच्यातून उमटणारी भीती व गोंधळ ओडिलीच्या नेटक्या वाक्यांत कधीच मावले नसते. सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने फाशी दिले, ते त्यांच्या ओगोनी चळवळीमुळे. परंतु त्या चळवळीतील पुढारी आणि या कादंबरीचा लेखक यांना वेगळे काढणे कठीण आहे.

स्वतः अचेबे यांनी १९८३ मध्ये 'द ट्रबल विथ नायजेरिया' ही पुस्तिका लिहून देशाच्या दुर्दशेचे खापर सरळ नेतृत्वावर फोडले. त्यामागील नागरिकाचा संताप सच्चा आहे. त्या सुमारास ते अमिनू कानो यांच्या पक्षाचे पदाधिकारीही होते. तथापि कादंबरीकार अचेबे यांना जे ठाऊक होते ते निबंधकार अचेबे यांनी येथे बाजूस ठेवलेले दिसते. नेता वाईट आहे हे उरुआचा वृद्धही जाणत होता. त्याचा प्रश्न त्यापुढचा होता. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

त्या वृद्धाचे तर्कशास्त्र कादंबरीबरोबर जुने झाले नाही, याचा पुरावा नायजेरियाच्या राजकीय शब्दसंग्रहात मिळतो. अबाचा यांच्या लष्करी राजवटीत (१९९३–१९९८) बोला इगे यांनी राजकारणापासून दूर राहण्याच्या आपल्या भूमिकेला 'सिडोन लुक' हे पिजिन नाव दिले. बसणे आणि पाहणे ही दोन क्रियापदे येथे उभयान्वयी अव्ययावाचून शेजारी ठेवलेली आहेत. पश्चिम आफ्रिकी भाषांची ही रचना मराठीत 'बसून पाहणे' अशी 'ऊन'-प्रत्ययान्त धातुसाधिताने सांगावी लागते, आणि तीत मूळची स्तब्धता थोडी हरवते. ही निष्क्रियता आळसाची नव्हे. मालकाने डोळे उघडे ठेवले आहेत, पण हात चालविता येत नाहीत, अशी ती अवस्था आहे.

जून २०२२ मध्ये अबेओकुटा येथे बोला टिनुबू यांनी राष्ट्राध्यक्षपदावरील आपला हक्क योरुबा भाषेत सांगितला : 'एमि लो कान्', म्हणजे पाळी माझीच आहे. यातील बलवाचक रचनेचे काम मराठीत 'च' हा निपात करतो. कार्यक्रम नाही, धोरण नाही; ताटाशी जाण्याची पाळी. २५ फेब्रुवारी २०२३ रोजी झालेल्या निवडणुकीत ते सुमारे ८८ लाख मते मिळवून विजयी झाले. त्या वेळी नोंदलेले मतदार सुमारे ९ कोटी ३४ लाख होते, आणि त्यांपैकी जेमतेम २७ टक्क्यांनी मतदान केले. मतदानाचे हे प्रमाण पाहून नागरिक उदासीन झाले आहेत असे म्हणण्याची प्रथा आहे. हे निदान अपुरे वाटते. उदासीन माणूस नवे शब्द घडवीत नाही. देश सोडून जाण्यास आजचा नायजेरियन तरुण 'जापा' म्हणतो. योरुबातील पळून सुटका करून घेण्याच्या क्रियापदावरून तो शब्द आला आणि थोड्याच वर्षांत योरुबा न येणाऱ्यांच्याही तोंडी बसला. उरुआच्या वृद्धाला ताटाजवळ जावयाचे होते. त्याच्या नातवाला पंगतीतूनच उठून जावयाचे आहे.

ऑक्टोबर २०२० मधील चळवळीचा शब्द मात्र या मालिकेत बसत नाही. पोलिसांच्या 'सार्स' या पथकाच्या अत्याचारांविरुद्ध हजारो तरुण रस्त्यावर आले तेव्हा त्यांची एक घोषणा होती 'सोरो सोके', म्हणजे मोठ्याने बोल. योरुबात वडीलधाऱ्यांना अथवा अधिकाऱ्यांना उद्देशून आज्ञार्थ वापरताना आधी 'ए' हे आदरार्थी सर्वनाम लावावे लागते. ते गाळणे हा उद्धटपणा समजला जातो. घोषणेत ते गाळलेले आहे. तिचे मराठी रूप 'मोठ्याने बोला' असे होणार नाही, 'बोल' असेच होईल. ज्यांच्या नावामागे 'चीफ' आणि 'ऑनरेबल' लावल्यावाचून अचेबे यांच्या कादंबरीत कोणी तोंड उघडीत नाही, त्यांना उद्देशून ही एकवचनी क्रिया उच्चारली गेली. २० ऑक्टोबरच्या रात्री लागोसमधील लेकी टोलनाक्यावर जमलेल्या निदर्शकांवर सैनिकांनी गोळीबार केला. घोषणा त्यानंतरही ऐकू येत राहिली, आणि तिच्यात ते सर्वनाम कोणी परत घातलेले नाही.